डबलबारीच्या कानाने ऐकलेलं हिपहॉप

वर एकांनी लिहिलंय की हिपहॉप म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून तोच फिरवत ठेवायचा, त्यात वादन कुठे आलं? त्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स' या हिपहॉप बँडचा १९९५चा 'डू यू वॉन्ट मोर' हा अल्बम जरूर ऐकावा. ड्रम, बेस, कीबोर्ड, सगळं माणसांनी वाजवलेलं आहे. ही मंडळी आधी तिथल्या रस्त्यावर उभी राहून वाजवायची.

मी कुडाळकडचा, डबलबारी म्हणजे भजनाचा सामना ऐकत वाढलो. दोन बुवा समोरासमोर, एकाने टोला हाणला की दुसरा तिथल्या तिथे गाऊन उत्तर देणार. पण माझं लक्ष नेहमी पखवाजवाल्याकडे. बुवा शब्द खेळवायला लागला की तो हात आवरतो, आणि गजर चढला की असा सुटतो की मांडवातली झोपलेली पोरंही उठून बसतात. रूट्सचा ड्रमवाला क्वेस्टलव, त्याचा ड्रम ऐकताना मला तोच हात ऐकू येतो. ठेका इतका नेमका की मशीनच वाटावं, तरी त्यांचा रॅपर ब्लॅक थॉट याच्या शब्दांना जागा ठेवणारा. बेसवाल्या हबचा बेस मागे शांतपणे चालत राहतो.

शीर्षकगीतात तर जॅझवादक रूफस हार्ली यांची बॅगपाइप आहे! पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पालखीपुढची सनईच आठवली. रॅपमध्ये हे बसेल असं कुणाला वाटलं असतं?

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. हेडफोन लावा, नाहीतर बेस सगळा वाया जाईल.