एसएमपीएस जळला, मदरबोर्ड वाचला का?

पीसीचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) जळल्यावर नुसता तोच बदलून भागेल का, असं एका वाचकाने विचारलंय. फ्यूज उडून तो गप्प झाला असेल, तर बहुधा भागेल. घात होतो व्होल्टेज चढल्यावर, विशेषतः जांभळ्या वायरवर. तिच्यावरचा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा पीसी बंद असतानाही चालू असतो. काही स्वस्त एसएमपीएसमध्ये या पुरवठ्याचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) सुकला की व्होल्टेज वाढून मदरबोर्ड जातो.

जुना एसएमपीएस अजून चालत असेल तर त्याचे पीसीतले सगळे कनेक्टर काढून आधी मल्टिमीटरने जांभळी वायर मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मग हिरवी वायर काळीला जोडून (त्याने एसएमपीएस चालू होतो) पिवळी मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्ट.

हार्ड डिस्क मेली वाटली तरी कृपया फेकू नका. अनेकदा तिच्या सर्किटवरचा संरक्षक डायोडच (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग) शॉर्ट झालेला असतो, डेटा सुरक्षित असतो.