वरचं बीपी १६२, खालचं ६८: हृदयाला धोका आहे का?

प्रश्न: आईचं वय ७१. खालचं कमी आहे, मग चालेल ना?

उत्तर १: नाही चालणार. दोन्हींतला फरक ९४ आहे, साधारण ४० असतो. महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) ताठ झाली की ठोक्यासरशी ताणली जात नाही, वरचा आकडा चढतो. शिवाय परतीची दाबलहर (पुढच्या रक्तवाहिन्यांवरून परत फिरलेली दाबाची लाट) हृदय आकुंचन पावत असतानाच येऊन आदळते. त्याविरुद्ध जोर लावून लावून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच.

उत्तर २: हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा मिळतं, म्हणजे खालच्या दाबावर. म्हणून खालचं फार उतरू नये यासाठी औषध हळूहळू वाढवतात. उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनीही मोजा. वरचं २० ने घसरलं तर डॉक्टरांना लगेच कळवा.

उत्तर ३: बीपी मोजण्याआधी ५ मिनिटं टेकून बसवा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच फुगतो.