"पाच गेम सांगा, माणूस ओळखतो" म्हणे!

उलटी गंगा
जॉयस्टिकरावांचा परवाचा धागा सगळ्यांनी वाचला असेलच: "सर्वकालीन आवडते पाच गेम लिहा, मी तुमचं वय आणि स्वभाव ओळखतो." मी भाबडेपणाने लिहिले. १. प्रिन्स ऑफ पर्शिया, २. डूम, ३. टेट्रिस, ४. एज ऑफ एम्पायर्स २, ५. पोर्टल. उत्तर आलं: "पुरुष, वय पंचेचाळीसच्या पुढे, २००० नंतर काही धड खेळलेला नाही, नव्या पिढीवर राग."

मी सव्वीस वर्षांची आहे. बाई आहे. एल्डन रिंगसारखा अलीकडचा गेम दोनदा संपवलाय. आणि अहो, पोर्टल २००७ चा आहे, एवढं तरी बघायचं!

घरात एकच कंप्युटर होता, मोठ्या भावाने वापरून टाकून दिलेला. त्यावर जे चालायचं ते मी खेळले. यादीवरून वय नाही कळत, माणसाच्या हाताला कुठलं मशीन लागलं ते कळतं. दुसरं म्हणजे 'आवडता' आणि 'श्रेष्ठ' यांची खिचडी करणं बंद करा. ओकारिना ऑफ टाइम या गेमला मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांचे गुण गोळा करणाऱ्या साइटवर, शंभरपैकी ९९ आहेत. असू देत, श्रेष्ठच आहे तो. पण पाण्याच्या त्या देवळात दर दोन मिनिटांनी मेनू उघडून लोखंडी बूट काढ-घाल करताना माझा जीव गेला. तो माझ्या यादीत येणार नाही म्हणजे नाही.

याउलट प्रिन्स. तो गेम करणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. १९८९ चा गेम, पण तो राजपुत्र कड्याला लोंबकळतो तेव्हा माझी बोटं आजही आवळली जातात. हाताशी साठ मिनिटं. आणि शेवटाकडे त्या सावलीला लोळवून खलनायक जाफरसमोर उभं राहणं, ते दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलं नाही.

जॉयस्टिकराव
अहो, ह.घ्या. (हलके घ्या)! इतक्या जणांचं बरोबर ओळखलं, तुमचं एकीचं चुकलं तर लगेच स्वतंत्र धागा? पोर्टलचं मान्य. घाईत 'पाँग' वाचलं.

बाकी माझा नियम साधा आहे. पहिल्या क्रमांकाचा गेम माणूस बारा-चौदा वर्षांचा असताना खेळलेला असतो. तुम्हीही तेच म्हणताय, फक्त मध्ये भावाचा कंप्युटर आणून ठेवलात.

ठोकळेबाज
टेट्रिस तिसरा?? यादी तिथेच बाद. १९८४ मध्ये पाजित्नोव्हने केलेला गेम, आणि २०२३ च्या डिसेंबरात एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोची जुनी आवृत्ती १५७ व्या लेव्हलला गोठवून दाखवली. २९ व्या लेव्हलपुढे माणूस जाऊच शकत नाही असं वर्षानुवर्षं समजत होते लोक. किती गेम असे आहेत की माणूस जिंकायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली?

रात्रपाळी
थोडं अवांतर. तुमच्या कुणाच्याच यादीत साप का नसतो? १९९७ मध्ये नोकिया ६११० वर आला. जगात तो खेळलेली माणसं डूमवाल्यांपेक्षा कमी नसतील. पण नाही! कारण तो आई-मावशीनेही खेळला, मग तो 'गेम' कसा? माझी आई बाबांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र रात्र साप खेळत बसायची. स्क्रीन जवळपास भरेपर्यंत न्यायची. पुढे घरात तीन कन्सोल आले, तिच्याइतका एकाग्र खेळाडू मी पाहिला नाही. द्या आता क्रमांक.

शून्य लाइफ
एक मिनिट. वर 'सावलीला लोळवून' असं लिहिलंय, आणि कुणाच्याच डोळ्यांना खुपलं नाही?

सावलीला लोळवता येत नाही. तिला केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो, ती मेली की आपणही मेलो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, मग दोघे एक होतात. ज्याने बारावी लेव्हल एकदा खेळली आहे तो हे जन्मात विसरणार नाही. मेकनरकडे नव्या शत्रूसाठी मेमरी उरली नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राच्याच फ्रेम वापरून सावली केली, आणि त्या अडचणीतून गेममधला सर्वांत भारी प्रसंग निघाला. तोच तुम्हाला माहीत नाही.

बाई, तुम्ही हा गेम संपवलेला नाही.

उलटी गंगा
ओघात आलेला शब्द आहे. वकिली नको.

शून्य लाइफ
मग सांगा, म्यान केल्यावर पुढे दरी येते. ती कशी ओलांडलीत?

उलटी गंगा
बरं बाबा. भावाने शिकवलं होतं. 'प्रिन्स मेगाहिट' हा चीट कोड टाइप करून सुरू करायचं आणि अडलं की शिफ्ट-एल दाबून थेट पुढची लेव्हल. बारावीत सावली दिसली की मारायला जायचे, मरायचे, मग शिफ्ट-एल. झालं समाधान?

शून्य लाइफ
म्हणजे सर्वकालीन पहिल्या क्रमांकावर न खेळलेला गेम. आणि आम्ही 'आवडता की श्रेष्ठ' यावर व्याख्यान ऐकतोय. मी तो अकरा रात्री खेळून संपवला, कोडशिवाय. आठव्या लेव्हलला दार बंद झालं आणि ते उघडायला उंदीर आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. शिफ्ट-एलवाल्यांना त्या उंदराची किंमत काय कळणार!

रात्रपाळी
डूममध्ये आयडीडीक्यूडी, म्हणजे अमर करणारा चीट कोड, न टाकलेला एक माणूस आणून दाखवा, मी धागा सोडतो.

ठोकळेबाज
हीच सवय घेऊन लोक हेरेटिक या डूमसारख्याच गेममध्ये गेले. तिथे आयडीडीक्यूडी टाकलं की गेम तुम्हालाच मारतो. बनवणारे ओळखून होते. टेट्रिसला असलं काही लागत नाही, हे जाता जाता.

शून्य लाइफ
तेच म्हणतोय. चीट मारून संपवलेला गेम यादीत धरायचा नाही, एवढा एक नियम करा. आजकाल तर 'असिस्ट मोड' (गेम सोपा करायची सोय) नावाने चीटलाच पाट-चौरंग मांडून बसवलंय.

डावखुरी स्वारी
इतका वेळ नुसतं वाचत होतो. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, अपघात झालाय. सेलेस्ट (२०१८) मी असिस्ट मोडवर, वेग कमी करून संपवला. शिखरावर पोचलो तेव्हा रडलो. माझ्या यादीत तो पहिला आहे. तुमच्या नियमाने काढून टाकू का? पत्ता द्या, बोटांचा एक्स-रे पाठवतो.

शून्य लाइफ
तुमची गोष्ट वेगळी. ते मी मागे घेतो. दोन्ही हात धड असलेल्यांबद्दल बोलत होतो.

डावखुरी स्वारी
कुणाचे हात कसे आहेत हे यादीवरून ओळखणार का आता? तो मान जॉयस्टिकरावांचा.

उलटी गंगा
शून्य लाइफ, एकच प्रश्न. कॉन्ट्रा तुम्ही तीन लाइफवर संपवलात की तीसवर?

शून्य लाइफ
कॉन्ट्रा सगळेच तीसवर खेळायचे. वर-वर-खाली-खाली हा तीस लाइफ मिळवायचा कोड चीट नाही, तो त्या गेमचाच भाग आहे.

रात्रपाळी
😂😂😂

उलटी गंगा
भाग! तो कोड मुळात कॉन्ट्राचा नाहीच, १९८६ च्या ग्रेडियसचा आहे. हाशिमोतोला स्वतःचाच गेम तपासताना जड जात होता, म्हणून त्याने घातला. गेम करणाराच माझ्या पंगतीत बसलाय, तुम्ही कुठे बसता ते ठरवा.

शून्य लाइफ
ठीक आहे, कॉन्ट्रा माझ्या यादीतून काढतो. प्रिन्स तुमच्या यादीतून काढा. फिट्टंफाट.

जॉयस्टिकराव
शून्य लाइफ: वय छत्तीस, धाकटा भाऊ, आजवर कुणाला कंट्रोलर दिलेला नाही.

शून्य लाइफ
एकेचाळीस. आणि एकुलता एक.

जॉयस्टिकराव
कंट्रोलरचं बरोबर आलं ना?

उलटी गंगा
यादी बदलणार नाही. पण काल रात्री डॉसबॉक्स (जुने गेम नव्या कंप्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) लावून प्रिन्स खेळत बसले, मेगाहिट न लिहिता. कुणी काही सांगायचं नाही, आधीच बजावते. तिसऱ्या लेव्हलचा तो सांगाडा कितीही वार केले तरी मरतच नाहीये.

शून्य लाइफ
तो मरत नाही. ढकलत नेऊन खाली पाडा.

उलटी गंगा
सांगू नका म्हटलं होतं ना!!