राजदूत कामाचा, की बंदर?

चिंचपोकळीकर:
सिंगापूरच्या चान हेंग ची १९९६ ते २०१२ वॉशिंग्टनमध्ये राजदूत होत्या. सोळा वर्षं! क्लिंटन, बुश, ओबामा, तिघांच्या कारकिर्दी पाहिल्या. मूळच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. आपल्याकडे राजदूताला शहराचे रस्ते पाठ होईपर्यंत बदलीची ऑर्डर येते. माझं स्पष्ट मत: चिमुकल्या देशाने मोठ्या राजधानीत एकच माणूस मुरू द्यावा.

खारादाणा:
असहमत. वॉशिंग्टनमध्ये सिंगापूरचा फोन उचलतात तो तिथल्या चांगी नौदल तळाच्या धक्क्यामुळे. २००१ मध्ये किटी हॉक ही अमेरिकन विमानवाहू नौका तिथे थेट धक्क्याला लागली. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी अशी सोय दुसरं कोण देतंय? बंदर असेल तर राजदूत म्हणून कोणीही चालतो. आणि अमेरिका-सिंगापूर मुक्त व्यापार कराराचं म्हणाल, तर तो २००० साली ब्रुनेईत पंतप्रधान गोह चोक तोंग आणि क्लिंटन यांच्या मध्यरात्रीच्या गोल्फनंतर ठरला. राजदूत काय चेंडू आणून देत होते?

चिंचपोकळीकर:
गोल्फ खेळून वाटाघाटी सुरू होतात हो, मतं पडत नाहीत. करारावर सही मे २००३ मध्ये, पण पुढे अमेरिकी संसदेची मंजुरी लागली. प्रतिनिधीगृहात २७२ विरुद्ध १५५. १५५ विरोधात आहेत म्हटल्यावर कोणीतरी दारोदार फिरायला हवंच. इलिनॉयच्या एका खासदाराला च्युइंगगम हवं होतं, कारण गम बनवणारी रिग्ली कंपनी शिकागोची. सिंगापुरात १९९२ पासून गमवर बंदी! शेवटी औषधी गमपुरती वाट काढली: फार्मासिस्ट किंवा दंतवैद्याकडूनच मिळेल आणि घेणाऱ्याचं नाव नोंदवलं जाईल. कुठल्या खासदाराचं घोडं कशावर अडलंय हे धक्क्यावरून दिसत नाही.

मावळतीची:
खारादाणा, चानबाईंच्या आधीचे एस. आर. नाथन आठवा. १९९४, मायकल फे, अठरा वर्षांचा अमेरिकन पोरगा, सिंगापुरात गाड्यांवर रंग फवारला म्हणून छडीच्या सहा फटक्यांची शिक्षा. खुद्द क्लिंटननी रदबदली केली. नाथन अमेरिकन टीव्हीवर शांतपणे आपल्या कायद्याची बाजू मांडत राहिले. सहाचे चार झाले, पण फटके बसलेच. त्या दिवसांत बंदर तोंड उघडून बोललं नसतं.

खारादाणा:
ताई, नाथन तिथे साधारण सहा वर्षं होते, सोळा नव्हे. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात! चांगला माणूस हवा हे मान्य, पण मुरवायचा कशाला? सोळा वर्षांत राजदूताला यजमानांचं घर आपलं वाटू लागतं. मग मायदेशी पाठवलेल्या तारांमध्ये कडू बातमी गोड होऊन जाते.

मावळतीची:
चानबाईंच्या बाबतीत असं घडल्याचं एक तरी उदाहरण द्या.

खारादाणा:
नाही माझ्याकडे. पण नियम एका गुणी बाईवरून करायचा नसतो.

चिंचपोकळीकर:
आणि एका धक्क्यावरूनही नाही. अवांतर: तो गम अजूनही दुकानात मोकळा ठेवत नाहीत म्हणे?