नॉर्स चिन्हं भित्तीपत्रकावर घ्यायची आहेत: कुठली खरी, कुठली टाळावी?

वाचनवेडा, कोथरूड
आमच्या वाचनगटात नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथांवर दीड तासाचं सत्र ठेवलंय. भित्तीपत्रकावर शिंगांचं शिरस्त्राण, तीन गुंतलेले त्रिकोण (वाल्कनुट), आठ फाट्यांचं वेग्विसिर आणि रून लिपीत (उत्तर युरोपची जुनी लिपी) ‘पुणे’ असं घ्यायचा विचार आहे. यातलं खरोखर व्हायकिंग काळातलं काय? आणि नव-नाझी वापरतात असं काही चुकून यायला नको.

शिळालेख
शिंगं आधी काढा. डेन्मार्कमधल्या व्हेक्सो इथे शिंगांची शिरस्त्राणं सापडली खरी, पण ती इ.स.पू. ९०० च्या आसपासची, म्हणजे व्हायकिंगांच्या दीड हजाराहून अधिक वर्षं आधीची. आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र रूढ झालं ते मुख्यतः १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी केलेल्या वेशभूषेमुळे.

वेग्विसिरही नको. ते आइसलँडच्या १८६० च्या एका हस्तलिखितात मिळतं. व्हायकिंग काळातला एकही पुरावा नाही. वाल्कनुटची आकृती स्वीडनच्या गॉटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर आहे, नाव मात्र अर्वाचीन. त्यापेक्षा मेघगर्जनेचा देव थोर याचा हातोडा घ्या. असे हजाराहून अधिक ताईत सापडलेत, आणि २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलंड बेटावर मिळालेल्या ताइतावर तर ‘हा हातोडा आहे’ असं रूनमध्येच कोरलंय. अतिउजवे हातोडाही वापरतात, म्हणून खाली त्या ताइताचं स्थळ आणि काळ (दहावं शतक) छापा.

कृष्णाकाठ
नव-नाझींबद्दल: सुटा रून (त्या लिपीतलं एकटं अक्षर) कधीच घेऊ नका. ओथला, तिवाझ आणि दुहेरी सोविलो ही तीन तर अजिबात नकोत. १९०८ मध्ये गीडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन गूढवाद्याने स्वतःच १८ रूनांचा संच रचून तो प्राचीन म्हणून खपवला. एसएस या नाझी संघटनेचं दुहेरी चिन्ह त्याच संचातल्या ‘सिग’ रूनवरून (सोविलोचंच रूप) आलं. जर्मनीत ते जाहीरपणे वापरणं आजही गुन्हा आहे. उलट जुन्या नॉर्स देवांना आज मानणाऱ्यांची आइसलँडमधली १९७२ ची आसात्रू संस्था वांशिक अर्थ साफ नाकारते. ही बाजू सत्रात सांगाच, नाहीतर आज ओडिनला (नॉर्स देवांचा प्रमुख) मानणाऱ्या प्रत्येकाकडे श्रोते संशयाने पाहतील.

पाठभेद
वेळ खरा द्या तो साधनांवर, म्हणजे या कथा ज्या ग्रंथांतून कळतात त्यांवर. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इ.स. १००० च्या सुमारास, आणि तिथल्या स्नोरी या लेखकाने एड्डा (नॉर्स पुराणकथा सांगणारा ग्रंथ) लिहिली १२२० च्या दशकात. लिहिणारा ख्रिस्ती, मधे दोनशे वर्षं. शिवाय एड्डाच्या प्रस्तावनेत देव ट्रॉयहून, म्हणजे आशियातून, उत्तरेत येतात! ‘शुद्ध उत्तरी धर्मा’चा दावा करणाऱ्यांच्या मुख्य आधारग्रंथातच हे आहे. तो उतारा मोठ्याने वाचून दाखवा.

पुणेकरांना समजायला सोपं उदाहरण हवं तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. तिथे शेकडो पोथ्या ताडून पाठ ठरवता आला. देवांवरच्या एड्डिक काव्याचा (स्नोरीच्या ग्रंथाहून वेगळी, जुनी नॉर्स कवनं) बराच भाग मात्र १२७० च्या सुमाराच्या एकाच पोथीवर उभा आहे. तिची ४५ पानं उरलीत, ८ गहाळ. ताडायला दुसरं काही नसलं की मोकळ्या जागा ज्याला-त्याला हव्या तशा भरता येतात. दहा मिनिटं लोकमान्य टिळकांच्या १९०३ च्या, आर्यांचं मूलस्थान ध्रुवप्रदेशी होतं या मांडणीलाही द्या. तीही दूरच्या उत्तरेत मूळ शोधते, आणि ती इथलीच.

वाचनवेडा, कोथरूड
फार मोलाचं. ‘पुणे’ कसं लिहू? नेटवरची यंत्रं २४ अक्षरांची लिपी देतात.

शिळालेख
तिथेच घोटाळा होतो. २४ रूनांची लिपी साधारण आठव्या शतकात मागे पडली. व्हायकिंग काळात फक्त १६ रून. प-ब ला एकच चिन्ह, त-द ला एक, क-ग ला एक. ए साठी इ चालवायची, ण साठी न. म्हणजे ब-उ-न-इ ही चार चिन्हं काढा आणि खाली देवनागरीत ‘पुणे’ लिहा, नाहीतर जाणकार ते ‘बुनि’ वाचेल.