बीएस्सी नर्सिंगच्या चार वर्षांत फायली कमी करा, पेशंट वाढवा

रातपाळी (धागा सुरू केला)

गेल्या महिन्यात आमच्या सर्जरी वॉर्डात एक नवी सिस्टर रुजू झाली. बीएस्सी, पहिल्या वर्गात पास, कामाला तत्पर. दुसऱ्याच रातपाळीला तिच्याकडे आतड्याच्या ऑपरेशनचा पेशंट होता. एक वाजता नाडी ९६, वरचं बीपी ११०. दोनला नाडी ११२, बीपी १००. तीनला नाडी १२८, बीपी ८८. लघवीच्या पिशवीत दोन तासांत मिळून २० मिली. सगळे आकडे वेळच्या वेळी, सुरेख अक्षरात चार्टवर. पण तिनं कुणालाही हाक मारली नव्हती. मी दुसऱ्या कामासाठी त्या वॉर्डात गेले, चार्ट पाहिला आणि डॉक्टरांना फोन लावला. पोटात रक्तस्राव होऊन पेशंट शॉकमध्ये चालला होता, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त कमी पडत होतं. पेशंट वाचला. सकाळी ती पोरगी रडत म्हणाली, "ताई, शॉकचा केअर प्लॅन मी कॉलेजात किती वेळा लिहिलाय!"

केअर प्लॅन म्हणजे पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लिहिलाय हे खरं. सीनियरच्या फाइलवरून होस्टेलवर रात्री दोन वाजता लिहिलाय, मीही तसाच लिहिला होता. केअर प्लॅन, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, ड्रग स्टडी, हेल्थ टॉक, प्रोसिजर बुक, रंगीत पेनांच्या रेघा, प्लास्टिकचं कव्हर. ज्या पेशंटवर तो प्लॅन लिहिला त्याच्याशी दहा मिनिटंही बोलणं झालेलं नसतं. दुपारी एकची बस चुकू नये म्हणून वॉर्डातून निघायचं, मग त्या पेशंटचं पुढे काय झालं हे कळणार कसं?

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक क्लिनिकल विषयाला एकच केअर प्लॅन ठेवा. पण तो अशा पेशंटवर, ज्याला त्या विद्यार्थ्यानं सलग सहा दिवस पूर्ण पाळीत सांभाळलंय आणि ज्याचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची माहिती, त्यानं स्वतः दिलाय. बाकी कागद बंद करा.

---

सोलापूरची_ट्यूटर

मी अकरा वर्षं शिकवतेय आणि मला हे अजिबात पटत नाही.

केअर प्लॅन म्हणजे विचार करायची शिस्त. आधी पेशंटची तपासणी, मग त्याची नेमकी अडचण काय ते ठरवणं, मग उद्दिष्ट, मग कृती, मग कृतीचा उपयोग झाला का ते पाहणं. ही पाच पावलं हातानं लिहिल्याशिवाय अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात बसत नाहीत. कागद काढून घेतलात तर राहील काय? "सिस्टर म्हणाल्या म्हणून केलं." आमच्या आधीच्या पिढीचं शिक्षण असंच होतं, आणि त्यातून बाहेर यायला आपल्याला फार वर्षं लागली.

दोष लिहिण्यात नाही, नक्कल करण्यात आहे. नक्कल का होते? भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. मी ज्या दोन कॉलेजांत काम केलं तिथं एका ट्यूटरकडे पंचवीस मुलं असायची, आणि तिचा निम्मा वेळ इन्स्पेक्शनच्या फायली जुळवण्यात जायचा. पंचवीस प्लॅन वाचायचे तर मीही वरवर बघून सही करणार. करते, हे कबूल.

शिवाय २०२१-२२ पासून नवा अभ्यासक्रम आलाय तो एकदा वाचून घ्या. आठ सत्रं, स्किल लॅब, सिम्युलेशन (खऱ्या पेशंटआधी नकली प्रसंगांवर सराव), ओएससीई (टप्प्याटप्प्यानं घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा), आणि आठवं अख्खं सत्र इंटर्नशिप. तुम्ही मागताय त्यातलं बरंच कागदावर आधीच आहे.

---

रातपाळी

मॅडम, "कागदावर आहे" हेच तर माझं दुःख आहे. शॉकच्या केअर प्लॅनची पाच पावलं त्या मुलीला तोंडपाठ होती. समोरचे नाडी, बीपी, लघवीचे आकडे म्हणजे तोच शॉक, हे तिला ओळखता आलं नाही. ताशी ३० मिलीच्या खाली लघवी गेली की सांगायचं, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. ओळखायला शिकवतं कोण? पेशंट शिकवतो, आणि शेजारी उभं राहून "आता हे बघ" म्हणणारं माणूस शिकवतं.

---

इन्चार्ज_निवृत्त

आमचं तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. दुसऱ्या वर्षाला रात्री चाळीस खाटांचा वॉर्ड दोघी विद्यार्थिनी सांभाळायचो, सोबत एक मावशी. बेड मेकिंग, स्पंज, बॅक केअर, रात्री दहाची इंजेक्शनं, पहाटेचे एनिमा. पास झालो त्या दिवशी आम्ही तयार नर्स होतो. आताच्या मुली वॉर्डात येतात त्या हातात फाइल घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहतात. बेडपॅन द्या म्हटलं की मावशीला हाक मारतात.

केईएममध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना सिस्टर लोकांनी ४२ वर्षं सांभाळलं. अंगावर बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या सेवेचं कौतुक केलं. कुस बदलणं, पुसणं, कोरडं ठेवणं, भरवणं. ती सेवा हातानं झाली, वह्यांनी नाही.

---

सोलापूरची_ट्यूटर

सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणूनच स्पष्ट बोलते. दर दोन तासांनी कुस का बदलायची, सॅक्रमवरची (कंबरेखालच्या हाडावरची) त्वचा आधी लाल होते आणि दाबल्यावर पांढरी होत नाही याचा अर्थ काय, प्रथिनं कमी पडली तर जखम का भरत नाही, हे कळलेल्या हातांनी ती सेवा झाली. नुसत्या कष्टांनी झाली नाही.

आणि दोन विद्यार्थिनींवर चाळीस खाटा टाकणं याला मी शिक्षण म्हणणार नाही. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हा परिषदेचा निकष आहे. तो पाळायला लागू नये म्हणून तुमच्याकडून फुकट काम करून घेतलं गेलं. तुम्ही त्यातून शिकलात हा तुमचा मोठेपणा. ज्या पेशंटवर तुम्ही चुकतमाकत शिकलात त्यांचं काय?

---

इन्चार्ज_निवृत्त

चुका झाल्या, नाही म्हणत नाही. एक चूक अजून आठवते. पण आम्हाला भीती वाटायची, आणि त्या भीतीनं डोळे उघडे राहायचे. आताच्या मुलींना व्हायवाची, तोंडी परीक्षेची, भीती वाटते, पेशंटची नाही.

---

ब्रदर_परभणी

आमचं मुलांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी जुन्या अभ्यासक्रमाचा. तेव्हा मिडवायफरीच्या (प्रसूतीच्या विषयाच्या) केसबुकात २० नॉर्मल प्रसूती स्वतः केलेल्या, ३० गरोदर मातांची तपासणी, ५ आतली तपासणी, ५ एपिसिओटॉमी (प्रसूतीच्या वेळी द्यायचा छेद) असा हिशोब होता. मी लेबर रूममध्ये उभा राहिलो की नातेवाईक आरडाओरडा करायचे, मग तिथल्या सिस्टर मला बाहेर बसवायच्या. त्यांचाही नाइलाज होता. चार आठवड्यांत मी तीन प्रसूती पाहिल्या आणि एक हातानं केली. केसबुकात वीस भरलेल्या आहेत. त्यावर सही आहे, शिक्का आहे, आणि राज्य परिषदेकडे माझी नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटा ड्यूटीवर असताना बाई आली, बाळाचं डोकं दिसत होतं. माझे हात थरथरत होते. सोबतच्या एएनएम (सहायक परिचारिका) ताईंनी मला मागे सारलं आणि दहा मिनिटांत बाळ काढून माझ्या हातात दिलं. त्यांचं शिक्षण दोन वर्षांचं, माझं चार. त्या रात्रीपासून मला माझ्या केसबुकाची लाज वाटते.

रातपाळी ताईंना पूर्ण पाठिंबा. आकडे कमी ठेवा, पण खरे ठेवा.

---

मेळघाट_उपकेंद्र

चर्चा सगळी वॉर्डाभोवतीच फिरतेय. "बाकी कागद बंद" म्हणताना लोक पुढे समाजशास्त्र, मानसशास्त्र, संशोधन हे विषयही बंद करा म्हणतात, म्हणून आधीच विरोध नोंदवते.

मी बीएस्सीनंतर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून इथे आले. पहिल्या पावसाळ्यात पोट फुगलेलं एक बाळ आलं, पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके. आई-बापांनी आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेलं होतं. मी रागानं त्या आईवर ओरडले. पुढचे दोन महिने त्या पाड्यावरची एकही बाई उपकेंद्रात आली नाही. नंतर भूमकालाच भेटायला गेले, त्याच्या अंगणात बसले, चहा घेतला. आता तो ताप आलेली मुलं माझ्याकडे पाठवतो. कधी कधी चटका देऊन पाठवतो, पण पाठवतो.

कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला मी मागच्या बाकावर झोपायचे. कुटुंबात निर्णय कोण घेतं, आजाराचा अर्थ लोक कसा लावतात, हे सगळं तिथं शिकवलं होतं. तो विषय कमी करू नका. तो शिकवणाऱ्याला एकदा पाड्यावर आणा.

---

स्टुटगार्टहून

बावीस महिने इथे जर्मनीत आहे. आधी पुण्यात चार वर्षं आयसीयूत होते.

इथे बहुतेक जण पदवी न घेता तीन वर्षांच्या प्रशिक्षणातून नर्स होतात. साधारण २१०० तास वर्गात, २५०० तास वॉर्डात. त्या वॉर्डाच्या वेळेतला किमान दहावा भाग मार्गदर्शकासोबत गेलाच पाहिजे, असा कायदा. हा मार्गदर्शक शाळेचा शिक्षक नसतो, वॉर्डातलाच नर्स असतो. त्यासाठी त्यानं ३०० तासांचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं. धाग्यातल्या वादाचं उत्तर मला इथे सापडतं.

पण आपलं सगळं वाईट नाही. औषधशास्त्र, शरीरक्रिया, मॉनिटर वाचणं यात आपल्याकडून आलेल्या मुली मागे पडत नाहीत. आपण शिरेत सुई सहज लावतो, इथे बऱ्याच वॉर्डांत ते डॉक्टरांचं काम. मी कमी पडले ती पेशंटला अंघोळ घालण्यात. खरंच. आपल्याकडे ते नातेवाईक किंवा मावशी करतात, आणि माझ्या प्रोसिजर बुकात "स्पंज बाथ"वर सही होती. पहिल्या आठवड्यात ८५ वर्षांच्या आजोबांना अंघोळ घालताना त्यांच्या सेवेपेक्षा माझ्या मनात "मी यासाठी बीएस्सी केलं का" हा विचार जास्त होता. तो विचार माझ्या शिक्षणानंच माझ्यात घातला होता. अंघोळ घालतानाच त्वचा दिसते, श्वास कळतो, माणूस किती गोंधळलाय ते कळतं. तपासणी म्हणजे हेच, हे मला इथे येऊन समजलं.

२०२४ मध्ये महाराष्ट्रानं आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून ओळखीच्या मुलींचे सारखे मेसेज येतात. सगळ्या जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेचं विचारतात. अंघोळीबद्दल कुणी विचारत नाही.

---

नाना_इस्लामपूर

मी नर्स नाही, मुलीचा बाप आहे. सीईटी झाली, सरकारी जागा थोडक्यात हुकली, खासगी कॉलेजला घातली. सोयाबीनचे पैसे आणि बायकोचे दागिने त्यात गेले. कॉलेजच्या माहितीपत्रकात १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल. मी एकदा तिला भेटायला गेलो तेव्हा त्या हॉस्पिटलात नऊ पेशंट मोजले. तपासणीच्या दिवशी मात्र शेजारच्या गावातली माणसं आणून झोपवली, पोरींनीच त्यांना सलाईन लावल्यासारखं केलं. मुलीनं हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

तुम्ही सगळी शिकलेली माणसं फाइल की पेशंट यावर भांडताय. माझ्या पोरीला पेशंटच नाही. तिनं काय करावं?

---

सोलापूरची_ट्यूटर

नाना, तुमच्या प्रश्नापुढे माझं आधीचं सगळं म्हणणं अपुरं आहे. मुलीला सांगा, जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग लागेल तो प्रत्येक दिवस पूर्ण वापर. शेवटच्या सत्रातल्या इंटर्नशिपसाठी कॉलेज कुठे पाठवतं हे आत्ताच लेखी विचारा, चार पालक मिळून विचारा. विद्यापीठाकडे तक्रार करायची असेल तर तीही एकट्यानं करू नका.

२०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला, तो १९४७ च्या परिषदेच्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. खाटा खऱ्या की खोट्या हे आयोगानं कळवून न येता तपासलं, तर त्या कायद्याचा मुलींना उपयोग.

---

रातपाळी

नाना, मुलगी सुट्टीत घरी आली की मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवू द्या. तिच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात कुणी ओळखीचं आहे का बघते.

स्टुटगार्टच्या ताईंची मार्गदर्शकाची गोष्ट मनाला लागली. सोमवारी आमच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या चार मुली येतायत. इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. प्रत्येकीला एक पेशंट, सोमवार ते शनिवार तोच. अंघोळीपासून हँडओव्हरपर्यंत सगळं तिनं करायचं, मी शेजारी. लिहायचं फक्त एक पान : आज काय बदललं आणि त्याचं मी कुणाला, किती वाजता सांगितलं.

---

सोलापूरची_ट्यूटर

पान चांगलं आहे, मला पाठवा. पण त्या चार मुलींना महिनाअखेर केअर प्लॅन द्यावाच लागेल, अंतर्गत गुण त्याच्यावर आहेत. आणि प्रोसिजर बुकात सही कॉलेजच्या शिक्षिकेचीच लागते. तुम्ही सहा दिवस शिकवणार, सही मी न बघता करायची का?

---

रातपाळी

न बघता नको. बघायला या, मॅडम. सकाळी पावणेआठला हँडओव्हर असतो.

---

इन्चार्ज_निवृत्त

आणि त्यातली एक तरी रात्र ठेवा. नाडी वाढते ती रात्री तीनला.

---

सोलापूरची_ट्यूटर

रात्र नाही. ट्यूटरशिवाय विद्यार्थिनी रातपाळीला पाठवायच्या नाहीत, यावर मी ठाम आहे. मंगळवारी सकाळी येते.