मदत हवी आहे: गोठ्याच्या नोंदी नेमक्या कशा ठेवता?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ११ गाई आणि ६ म्हशी आहेत. आजवर सगळं तोंडीच चाललं. कोणती कधी भरवली, कधी आटवायची (विण्याआधी धार बंद करायची), सगळं आईच्या लक्षात असायचं. पण यंदा एक गाय विण्याच्या तोंडावर येईपर्यंत आम्ही तिची धार काढत राहिलो. साधारण ६० दिवस आधीच तिला आटवायला हवं होतं. चीक अगदी थोडा निघाला. वासरू सडाला ढुशा देत होतं नि हाती काही लागत नव्हतं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हाच ठरवलं, हा धंदा धंद्यासारखा करायचा. आता कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर वहीत एकेक पान आहे. रेतनाची तारीख लिहायची, २१ दिवसांनी माज उलटला का, म्हणजे जनावर पुन्हा माजावर आलं का, पाहायचं, गाभण ठरली की रेतनाच्या तारखेपासून गाईला २८० आणि म्हशीला ३१० दिवस मोजायचे. लसीकरणही तिथेच. एवढं जमतंय.

अडतंय ते पुढे. भाकड आणि दुभती एकाच गव्हाणीत खातात, मग चाऱ्याचा खर्च जनावरागणिक कसा मांडायचा? दूध रोज मोजता की पंधरवड्यातून एकदा? कासदाहाचं (कासेच्या सुजेचं) औषध चालू असलेल्या गाईचं दूध वेगळं काढायचं असतं; धारेला माणूस बदलला तरी ती गाय चुकू नये म्हणून काय खूण करता?

कुणी आपल्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकला तर फार उपकार होतील.